टाळेबंदीतली घरं : २०२० ते २०२२ या वर्षांची एक नोंद

स्मरणिका मंडळाने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर लिहायला सांगितलं होतं. पण जमीन खरेदी, बिगरशेती परवाना, पहिली बोअरवेल, विजेच्या डीपीसाठी मंचरला मारलेल्या चकरा हे सगळं जुन्या मंडळींनी या अंकात सविस्तर दिलंच आहे. मी फक्त मार्च २०२० ते २०२२ च्या मध्यापर्यंतचा काळ घेतो. कारण साधं आहे. आपल्या प्रोसिडिंग बुकात तेवढ्या काळाची पानं जवळजवळ कोरी आहेत. सभाच झाल्या नाहीत. वार्षिक सभेची ३० सप्टेंबरची मुदत सरकारने अध्यादेश काढून ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढवली आणि सहकारी संस्थांच्या निवडणुकाही वारंवार पुढे गेल्या. निर्णय सगळे फोनवर झाले. त्यामुळे काय घडलं ते कुठेतरी छापून ठेवलेलं बरं.

सुरुवात थोडी मागून करतो. आपल्या कपाळावर जो 'सहकारी गृहनिर्माण' हा शिक्का आहे त्याचाही साथीच्या रोगाशी संबंध आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत पुण्यात पोचला. उंदीर, अंधार आणि एका खोलीत दहा-दहा माणसं अशी मुंबईची वस्ती होती. म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला गेला. रुंद रस्ते पाडले, पुढे दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. प्लेगमुळेच सोसायट्या निघाल्या असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, भाडी आणि जातवार वस्ती हीसुद्धा कारणं होतीच. पण घराला उजेड-वारा पाहिजे ही गोष्ट सरकारदरबारी पटली ती प्लेगनंतर.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत तेव्हा घरं बांधली नाहीत, सोडली. 'प्लेगच्या साली' गाव मोकळं करून माणसं रानात खोपी घालून राहिली, हे जुन्या माणसांच्या तोंडी आपण ऐकलेलं आहे. १९१८ चा इन्फ्लुएंझा आला त्याला लोक मानमोडी म्हणत. (जुन्नरजवळ मानमोडी नावाचा लेण्यांचा डोंगर आहे. त्याचा या तापाशी काही संबंध नाही, पण लहानपणी आम्हाला तो आहे असंच वाटायचं.) तर गाव सोडून रानात जाणं ही जुनी तऱ्हा. २०२० मध्ये शंभर वर्षांनी उलट झालं. शहर सोडून माणसं गावात आली, आणि गावात आल्यावर घर बांधायला लागली. ते कसं झालं ते पुढे येईल.

टाळेबंदी लागली तेव्हा बांधकामाचा धंदा काही तेजीत नव्हता. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून महारेरा, जुलैत जीएसटी, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाल्यावर बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांनी आखडता घेतलेला हात. चाकण, राजगुरुनगर, मंचर या पट्ट्यात एमआयडीसीतल्या कामगारांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या इमारतींत बरेच फ्लॅट पडून होते. अशात २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला आणि २४ तारखेला रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. तिचा पहिला दिवस २५ मार्च, म्हणजे गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. घराचं बुकिंग, भूमिपूजन, वास्तुशांत यांचा दिवस. बिल्डर लोकांनी पाडव्यासाठी छापलेली जाहिरातपत्रकं तशीच गठ्ठ्यात राहिली. पुढचा मुहूर्त अक्षय तृतीयेचा, २६ एप्रिल, तोही गेला. मुंबई शहरात एप्रिल २०२० या अख्ख्या महिन्यात घरविक्रीचा एकही दस्त नोंदला गेला नाही. एकही नाही.

आपल्या सोसायटीत त्यावेळी एक काम चालू होतं. बावीस नंबरच्या प्लॉटवर तळमजला होऊन पहिल्या मजल्याच्या स्लॅबची तयारी झाली होती. सेंट्रिंग ठोकून झालं, सळई बांधून झाली, काँक्रीट सोमवारी पडणार होतं. तो सोमवार २३ मार्चचा. खडी-क्रशसँडचा डंपर आला नाही, मिक्सरवाला आला नाही. कामावर सात माणसं होती. चार बिहारची सेंट्रिंगवाली पोरं, आणि कलबुर्गीकडचं एक गवंडी कुटुंब, नवरा-बायको आणि नवऱ्याचा भाऊ. ती सगळी त्याच अर्धवट घराच्या तळमजल्यात अडकली.

इथे आपल्यात मतभेद झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. काही सभासदांचं म्हणणं होतं की बाहेरची माणसं आवारात नकोत, ठेकेदाराने त्यांना घेऊन जावं. ठेकेदार चाकणला, त्याचा फोन कधी लागायचा कधी नाही. आणि जिल्ह्याच्या सीमा बंद, रस्त्यावर पोलीस, तर घेऊन जाणार कुठे? दोन दिवस फोनाफोनी झाली, आवाज चढले. शेवटी ठरलं की ती तिथेच राहतील, मागच्या बाजूचा नळ त्यांचा, आणि शिधा सोसायटी देईल. पीठ, डाळ, तेल लोकांनी दिलं. बटाटा तर आपल्या सातगाव पठाराचाच, त्याला काय तोटा! कुणी दिलं आणि कुणी नाही ते इथे लिहीत नाही. ज्यांनी सुरुवातीला विरोध केला त्यातल्या एका घरातून सर्वांत जास्त दिवस डबा गेला, एवढं मात्र लिहून ठेवतो.

सरकारने बांधकाम कामगारांना मदत दिली ती इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळामार्फत, एप्रिल २०२० मध्ये प्रत्येकी २,००० रुपये थेट खात्यात. हा पैसा आपणच भरतो. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर असतो, तेव्हा दहा लाखांच्या आतलं स्वतःचं राहतं घर फक्त वगळलेलं होतं. पण मदत मिळायची ती मंडळाकडे नोंदणी असेल त्याला, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज चाकण, उद्या पेठ, परवा नारायणगाव असं फिरणाऱ्या टोळीतल्या पोराला तो दाखला कोण देणार? आपल्याकडच्या सातांपैकी एकाचीही नोंदणी निघाली नाही.

आणखी एक गंमत बघा. केंद्राच्या १५ एप्रिलच्या सूचनांप्रमाणे २० एप्रिलपासून महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीबाहेर, म्हणजे खेड्यांत, बांधकामाला परवानगी होती. शहरात फक्त जिथे मजूर जागेवरच राहतात अशीच कामं चालणार होती. पेठ ग्रामपंचायतीचं गाव, आणि आपले मजूर तर जागेवरच! कागदावर आपलं काम दोन्हीकडून नियमात बसत होतं. पण सिमेंटचं दुकान बंद, क्रशर बंद, डिझेलला पास. वीटभट्ट्यांचा हंगाम दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत असतो, म्हणजे भट्ट्या ऐन भरात असताना गाड्याच उभ्या. विटा होत्या, न्यायला वाहन नव्हतं.

तेव्हाच नाशिक रस्त्याने माणसं चालताना दिसायला लागली. चाकणकडून यायची, पेठचा घाट उतरून पुढे. डोक्यावर बोचकं, हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन. ८ मे ला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रेल्वे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशचे, जालन्याच्या एका स्टील कारखान्यात कामाला होते. आपल्याकडच्या बहुतेक स्लॅबांत जालन्याची सळई असते. ही बातमी आल्यावर आपल्या इथली बिहारची पोरं दोन दिवस कुणाशी बोलली नाहीत. श्रमिक रेल्वे १ मे पासून सुरू झाल्या होत्या, महाराष्ट्रातली पहिली नाशिक रोडहून भोपाळला गेली. पोलीस ठाण्याचा फॉर्म, डॉक्टरांचा दाखला, मग बसने पुण्याला आणि तिथून गाडी, असं करत मेच्या तिसऱ्या आठवड्यात चौघे गेले. कलबुर्गीचं कुटुंब जूनमध्ये एका टेंपोतून गेलं.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कोकणात घुसून ते घाट ओलांडून आपल्या अंगावर आलं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी वाड्यांवरची कौलं-पत्रे उडाले, हिरड्याचं मोठं नुकसान झालं, पॉलीहाऊस झोपले. एरवी वादळ झालं की आठ दिवसांत पत्रा मिळतो, खिळे-हूक मिळतात, सुतार मिळतो. त्या जूनमध्ये यातलं काहीच वेळेवर मिळत नव्हतं. बांधकामाचा धंदा बंद पडला असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे टॉवर आणि क्रेन येतात. प्रत्यक्षात ताडपत्रीखाली पावसाळा काढणारं घर हाही त्याच धंद्याचा भाग आहे.

बावीस नंबरचं सेंट्रिंग वादळात थोडं हललं, पावसात प्लाय फुगला, सळईवर गंजाचा पापुद्रा आला. त्याहून मोठा घोळ भाड्याचा. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याने असतात, रोजावर. मार्च ते नोव्हेंबर ते तिथेच अडकून. त्याचं भाडं कोणी द्यायचं? माल देणाऱ्याचं म्हणणं, माझा माल तुमच्याकडे आहे. ठेकेदाराचं म्हणणं, काम सरकारने बंद केलं. सभासदाचं म्हणणं, माझा स्लॅबच झाला नाही. मोठ्या बिल्डरांना यावर उत्तर मिळालं होतं. महारेराने १८ मे २०२० च्या आदेशाने १५ मार्चनंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना सहा महिन्यांची वाढ दिली, 'दैवी आपत्ती' धरून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या लाटेसाठी आणखी सहा महिने. म्हणजे ताबा एक वर्षाने उशिरा मिळाला तरी बिल्डर दोषी नाही. ग्राहक मात्र त्या काळात भाडंही भरत होता आणि हप्ताही. पण एकट्यादुकट्या घराच्या तोंडी कराराला महारेरा नाही. शेवटी आपल्या कमिटीने तिघांना समोरासमोर बसवलं, अंतर ठेवून, अंगणात. अर्धं भाडं माफ, उरलेलं ठेकेदार आणि मालक निम्मं-निम्मं. डिसेंबरमध्ये सळई तारेच्या ब्रशने घासून स्लॅब पडला. गवंडी तोच कलबुर्गीचा, तो परत आला होता. बिहारची पोरं आली नाहीत.

हप्त्यांबद्दल एक खुलासा, कारण त्यावेळी बराच गोंधळ झाला. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते थांबवण्याची मुभा दिली. अनेकांना वाटलं हप्ते माफ. माफ काही नव्हतं. व्याज चालूच होतं, ते मुद्दलात जाऊन कर्जाची वर्षं वाढत होती. व्याजावरचं व्याज तेवढं पुढे दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरकारने परत केलं. आपल्या शिक्षक सभासदांचा मार्चचा पगारही तुकड्यांत झाला होता, त्यामुळे हप्ता थांबवण्याचा मोह होणं साहजिक होतं. ज्यांनी बँकेत जाऊन नीट विचारलं ते वाचले.

मग चित्र पालटलं, आणि फार झपाट्याने. रेपो दर मे २०२० मध्ये चार टक्क्यांवर आला, घरकर्ज सात टक्क्यांच्या खाली गेलं. राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली, डिसेंबरअखेरपर्यंत, आणि त्यापुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के. पन्नास लाखांच्या फ्लॅटवर दीड लाख वाचत होते. दसऱ्यानंतर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. ज्या मुंबईत एप्रिलमध्ये शून्य दस्त झाले तिथे डिसेंबर महिन्यात १९ हजारांवर झाले. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांच्या प्रीमियममध्येही निम्मी कपात झाली. अट अशी की ज्याने ती घेतली त्याने गिऱ्हाइकाचं मुद्रांक शुल्क भरायचं. १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतल्यास एक टक्का सवलत आली. सरकारी तिजोरीत खडखडाट असताना शुल्क कमी करणं हा धाडसी निर्णय होता आणि माझ्या मते योग्य होता. पण त्याचा लाभ ज्याची नोकरी टिकली त्यालाच झाला. ज्याची गेली त्याला दोन टक्के काय आणि पाच काय!

आता आपल्याकडची खरी गोष्ट. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतून मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या माणसं जातात. डबेवाले, माथाडी, भाजी मार्केटमधले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात डबे बंद झाले, मग लोकल बंद झाली, आणि मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं चोवीस तास बसणार कशी? मुंबईकर गावाला आले. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत काढायचे, मग घरी. घर म्हणजे यात्रेला आणि गणपतीला उघडायचं कुलूपबंद घर. माळवद गळतंय, संडास नाही, भावाभावांत भिंत पडलेली नाही. दोन महिने त्यात काढल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार आला.

आपल्या सोसायटीत बरेच प्लॉट मुंबईकर सभासदांचे होते आणि वीस वर्षं मोकळे पडले होते. गवत काढायच्या नोटिसा पाठवून आम्ही थकलो होतो. २०२० च्या दिवाळीनंतर ते फोन करायला लागले, 'सेक्रेटरी, बांधकामाला ना-हरकत पाहिजे.' नकाशे बदलले होते. एक खोली संडास-बाथरूमसह वेगळी आणि तिला बाहेरून दार. हात-पाय धुवायला अंगणात नळ. आमच्या वाड्यांत न्हाणी आणि पाण्याचा रांजण दाराबाहेर होताच, मधल्या काळात आपण तो आत नेला होता.

सगळे एकदम बांधायला निघाले आणि माल महागला. २०२० मध्ये चाळीस-पंचेचाळीस रुपये किलोने मिळणारी सळई एप्रिल २०२२ पर्यंत सत्तरीच्या पुढे गेली. हजार चौरस फुटांच्या घराला साधारण चार टन सळई लागते, म्हणजे नुसत्या लोखंडाचा फरक सव्वा लाखाच्या आसपास. पीव्हीसी पाइप, वायरिंगचं तांबं, टाइल्स, सगळ्यांनी उचल खाल्ली. मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर कर लावला तेव्हा भाव थोडे उतरले. माणसंही मिळेनात. बिहार-बंगालच्या टोळ्या परतल्या त्या पुण्यात, जिथे कायम काम आहे. आपल्याकडे स्थानिक पोरं सेंट्रिंग शिकली ती याच काळात, आणि आज त्यांच्या स्वतःच्या टोळ्या आहेत.

गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधणारेही वाढले. जुलै २०२१ च्या परिपत्रकाने तुकडेबंदीखालच्या अशा दस्तांची नोंदणी परवानगीशिवाय बंद झाली. पुढे औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. मधल्या काळात कित्येकांचे पैसे नोटरीच्या कागदावर अडकले. आपले प्लॉट बिगरशेती आणि सोसायटीच्या नावे असल्याने आपण सुटलो. वीस वर्षांपूर्वी जुन्या मंडळींनी एनएसाठी घातलेला वेळ इथे कामाला आला.

एप्रिल २०२१ ची दुसरी लाट मात्र आपल्या दारात आली. पाचपेक्षा जास्त रुग्ण असतील तर सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, बाहेर फलक, आणि नियम मोडल्यास सोसायटीला १०,००० रुपये दंड, असा आदेश होता. आपला फलक अकरा दिवस होता. अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात कोविड सेंटर होतं, आपले काही सभासद तिथून बरे होऊन आले. एक आले नाहीत.

त्यांचं घर प्लिंथपर्यंत आलं होतं. मुंबईतली नोकरी संपवून ते इथे राहायला येणार होते. शेअर सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावावर, कर्ज मंजूर पण पहिलाच हप्ता उचललेला, आणि आपल्या दप्तरात त्यांचं नामनिर्देशन नव्हतं. बँक म्हणाली वारस दाखला आणा. कोर्ट अर्धवट चालू. गावाकडच्या भावाने जागेवर हक्क सांगितला. वहिनींना त्या प्लिंथवर एक वीट चढवायला सोळा महिने लागले. नामनिर्देशन असतं तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यांना लगेच तात्पुरत्या सभासद म्हणून घेता आलं असतं आणि वारसाचा निकाल सावकाश लागला असता. घर २०२३ च्या अक्षय तृतीयेला पुरं झालं. वास्तुशांतीला आपण सगळे होतोच.

त्यानंतर कमिटीने सगळ्या सभासदांचे नामनिर्देशन अर्ज गोळा करायला घेतले. हा अंक छापायला जाईपर्यंत चार अर्ज यायचे राहिले आहेत. कोरे फॉर्म सोसायटीच्या ऑफिसात ठेवले आहेत, शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ. तीन प्रती लागतात, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.